दिवा दिसला नाही तर

कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाक बायकांसाठी राखून ठेवलेलं होतं. बायका म्हणजे आम्ही मोजून तीन. दोघी टेलिफोनवर आणि मी टायपिस्ट. त्या दोघी लग्न होऊन गेल्या आणि पुढची कितीतरी वर्षं त्या बाकावर मी एकटीच बसत आले. तिथून रस्ता थोडा आणि गेणूभाऊंची मान फार दिसायची. उन्हानं रापलेली, आडव्या सुरकुत्यांची, खाकी कॉलरच्या आत धुवट रुमाल खोचलेली मान. ती मान गाडी चालू असताना कधीही मागे वळली नाही. मागे प्रत्यक्ष जनरल मॅनेजर येऊन बसले असते तरी वळली नसती.

गेणूभाऊंशी बोलायचं तर धीर पाहिजे. भोसरीला बसमध्ये चढता चढता मी विचारायची, "काय भाऊ, मुलीचं जमलं का?" भाऊ गप्प. बस नाशिक रस्त्यानं धडधडत निघायची, बाकीची माणसं चढायची, मी प्रश्न विसरूनसुद्धा जायची. मग मुंबई रस्त्याच्या फाट्यावर लाल दिव्यापाशी गाडी थांबली, हँडब्रेक करकरला, की भाऊ अर्धे वळून म्हणायचे, "व्हय. चाकणला दिली. पोरगा तालमीतला हाय." दिवा हिरवा झाला की पुन्हा मान सरळ. मुलीच्या लग्नाची हकिगत मला अशी चार दिवसांत चार लाल दिव्यांवर तुकड्यातुकड्यानं कळली. हळद पहिल्या दिवशी आणि रुखवत चौथ्या.

मोशीचे ते. घरची थोडी जमीन नदीकाठी, ती भाऊबंद बघायचे. पुढची कहाणी सगळ्यांची होती तीच. कंपन्या आल्या, शेतावरची माणसं गेटवर आली. गेणूभाऊ तसे आले, आधी कंपनीचा ट्रक चालवू लागले, मग बस. गाडीत चढायच्या आधी वहाणा काढून सीटखाली सारायचे आणि अनवाणी पायानं गाडी हाकायचे. "पायाला बिरेक कळाया पायजे," म्हणायचे. चारी चाकांना हात लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, हा नेम. बाकीच्या ड्रायव्हरांच्या गाड्यांना लिंबू-मिरच्या लोंबायच्या, ह्यांच्या गाडीला नाही. विचारलं तर म्हणायचे, "लिंबू काय बिरेक दाबतंय व्हय?"

फाट्यावर सिग्नल नव्हता तेव्हाचं तर विचारूच नका. मुंबई रस्त्यावरून ट्रक नुसते सुटलेले असायचे आणि आमच्या बसला तो रस्ता आडवा ओलांडावा लागायचा. गेणूभाऊ गाडी थांबवायचे, दार उघडून खाली उतरायचे, रस्त्याच्या कडेला जाऊन डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, मग शांतपणे परत वर चढायचे. बसमधून आरडाओरडा. "अवो भाऊ, तुमी वर चढोस्तवर दुसरा ट्रक आला आसंल की!" भाऊ म्हणायचे, "आला आसंल तर पुन्यांदा उतरतो." आणि खरोखर उतरायचे.

लोकांचा राग समजण्यासारखा होता. आमच्या टाइम ऑफिसातलं घड्याळ वेळेत कार्ड पंच केलं तर निळा आकडा उमटवायचं आणि मिनिटभर उशीर झाला की लाल. त्या लाल आकड्याला माणसं जेवढी भ्यायची तेवढी ट्रकला भ्यायची नाहीत. सांगायला लाज वाटते, पण मीही त्यातलीच. लाल आकडा उमटला की आमचे साहेब काही बोलायचे नाहीत, फक्त चष्म्यावरून बघायचे. त्या बघण्यापायी मी कितीदा तरी न जेवता धावत सुटले आहे.

फाट्यावर सायकलवाले लागोपाठ ट्रकखाली गेले, कामगारांनी रस्ता अडवला, मोर्चे झाले आणि शेवटी सिग्नल आला. सगळ्यात जास्त आनंद गेणूभाऊंना. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी कडेला लावून दिवा तीनदा बदलताना बघितला. मागून शिव्या सुरू झाल्या तेव्हा म्हणाले, "आता उतरायाची गरज न्हाई. आपल्यासाठी कुनीतरी वर हुबं ऱ्हायलंय."

बसमधली सकाळची गंमत त्यानंतर सुरू झाली. दोन्ही बाजूंना चिटपाखरू नसायचं, दिवा लाल असायचा आणि गेणूभाऊ हात मांडीवर ठेवून बसलेले. मागून कोरस. "घ्या भाऊ, घ्या! कोन बघतंय?" त्यात सगळ्यात मोठा गळा शंकरचा. चऱ्होलीचा पोरगा, प्रेस शॉपला हेल्पर, विशीतला, केसांना तेल आणि तोंडाला चाक. एक दिवस भाऊंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा सीटवरून उठून मागे गेले. किल्ली शंकरच्या हातावर ठेवली. "ये. बस म्होरं. तूच घे."

"मला कुठं येतीया भाऊ!"

"आरं, मग घ्या घ्या कशापायी वरडतो? वरडनाऱ्याचं काय जातंय? समजा एखांदा आडवा आला, तर पोलीस म्हनंल का, मागं कोन वरडत हुतं? ष्टेरिंग माज्या हातात हाय. मागनं कुनीबी वरडू दे, दिवा असू दे, नसू दे, चूक झाली तर ती माजीच."

बस हसली. शंकरही हसला, पण दुसऱ्या दिवशीपासून तो मागे बसेना. इंजिनाच्या झाकणावर, भाऊंच्या शेजारी येऊन बसायला लागला. महिनाभरानं म्हणाला, "भाऊ, मला शिकवा."

मग मी त्या बाकावरून एक शाळा बघितली. रविवारी कंपनीच्या मागच्या मैदानात जुन्या ट्रकवर शिकवणी आणि रोज सकाळी बसमध्ये उजळणी. उजळणी अर्थात लाल दिव्यावर. त्या काळात वीज दिवसातून कितीदा जायची त्याला गणती नव्हती, त्यामुळे सिग्नल बरेचदा आंधळा असायचा. गेणूभाऊ विचारायचे, "दिवा दिसला न्हाई तर?"

"थांबायचं."

"आन्?"

"खाली उतरून बघायचं."

"हिरवा दिसल्याबिगर हिरवा न्हाई. दिसत न्हाई म्हंजी लालच हाय. काय?"

"व्हय भाऊ."

पाढे म्हणावेत तसं चालायचं हे. मलाही पाठ झालं होतं. शंकरला लायसन्स मिळालं, कंपनीनं त्याला दुसऱ्या बसवर घेतलं, तेव्हा भाऊंनी आख्ख्या बसला पेढा दिला. शंकर पाया पडायला वाकला तर म्हणाले, "माज्या नगं, त्या खांबाच्या पड."

त्यांनी ते थट्टेत म्हटलं नव्हतं. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. लेथला हार, क्रेनला हार, माझ्या टाइपरायटरलासुद्धा झेंडूची चार फुलं. लिंबू-मिरचीला हसणारा हा माणूस सिग्नल आल्याच्या पहिल्या खंडेनवमीला पहाटे बस घेऊन फाट्यावर गेला, खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बसच्या टपावर चढून सिग्नलच्या डोक्यावर झेंडूचा हार चढवला. मी चिडवलं, "काय भाऊ, आता हा बिरेक दाबतो वाटतं?" त्यावर दिवा लाल होईपर्यंत गप्प राहून म्हणाले, "पूजा न्हवं बाई ही. वरीसभर उनातान्हात हुबा ऱ्हातोय आपल्यासाठी. म्हटलं, आज सणाचं कुनीतरी इचारावं त्येला." चौकातला हवालदार पहिल्या वर्षी हसला. दुसऱ्या वर्षी नारळ त्यानंच आणला. पुढे दरसालचा परिपाठ झाला, हार जाड होत गेला.

त्या वर्षी झेंडू फार आला होता. मोशीच्या मळ्यांतून पोत्यानं आला होता. गेणूभाऊंनी घरच्या घरी हार ओवला, हाताच्या मनगटाएवढा जाड, आणि पहिल्या पाळीची माणसं सोडून परत जाताना सिग्नलच्या टोपीवर सुतळीनं बांधला. फुलं दवानं भिजलेली, जड. भाऊ बस डेपोत लावून घरी गेले. नंतर कधीतरी सुतळी सैल झाली आणि हार घसरून पुढे लोंबला, नेमका वरच्या दिव्यावर. वरचा दिवा लाल.

भाऊ त्या दिवशी पहिल्या पाळीला होते, म्हणून आमची जनरल शिफ्टची बस शंकर आणत होता. साडेआठला साहेबांच्या खोलीत पूजा होती आणि प्रसादाचा डबा माझ्याकडे. भोसरीलाच गर्दीत वेळ गेलेला. फाट्यावर आलो तर समोर ऊन, सिग्नलवर झेंडूचा डोंगर आणि दिवा एकही नाही. हिरवा नाही, पिवळा नाही. शंकरनं गाडी हळू केली. थांबवत होता तो, मी शपथेवर सांगते. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला होता, खाली उतरण्यासाठी. मागून नेहमीचा गलका. "घे शंकर्‍या, लाइट गेलीया!" ते तो ऐकत नव्हता. तो गलका त्याच्या कानाला भाऊंमुळे सवयीचा झाला होता. पण मी कधी ओरडत नसे. मी त्याला ताई होते. मी मांडीवरचा डबा सावरत म्हटलं, "घे ना शंकर. लाइट गेलीय. रस्ता मोकळाच दिसतोय."

त्यानं कडी सोडली.

सायकलवर रंगनाथ होता. आमच्याच फौंड्रीतला, लातूरकडचा. रात्रपाळी करून, बाजारातून सणाची फुलं घेऊन घरी निघाला होता. त्याच्या बाजूला दिवा हिरवा होता. बसखाली तो जागीच गेला. पिशवी फुटली, रस्त्यावर झेंडूच झेंडू झाला. गर्दीत कुणीतरी खांबावरचा हारही ओढून काढला. भीतीनं काढला की रागानं, की अपघाताच्या जागी शोभेना म्हणून, हे कधीच कळलं नाही. पोलीस आले तेव्हा खाली सगळी फुलं एकात एक मिसळलेली आणि वर लाल दिवा लख्ख पेटलेला. पंचनाम्यात लिहिलं गेलं, सिग्नल सुस्थितीत, चालू.

गेणूभाऊ त्याच दुपारी चौकीवर गेले. "हार म्या बांधला. दिवा म्या झाकला. मला घ्या." तिथला अधिकारी वाईट नव्हता. त्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा, पूजा केली म्हणून कुणाला आत टाकता येतं का? घरी जा." दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या टेबलाशी आले. अनवाणीच. म्हणाले, "बाई, जबानी टाइप करा." त्यांनी सांगितलं तसं मी लिहीत गेले. 'हार मी स्वतःच्या हातानं बांधला, शंकर निर्दोष आहे, शिक्षा मला व्हावी.' तीन प्रती काढल्या. माझी बोटं सारखी चुकत होती. त्या कागदावर माझं एक वाक्य यायला हवं होतं आणि ते वाक्य मला तोंडपाठ होतं. मी ते टाइप केलं नाही.

साहेबांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला. म्हणाले, "सणाला दोष दिला तर कारखाना पेटेल, गेणू. आणि तुझी नोकरी जाईल ती वेगळी." भाऊ म्हणाले, "जाऊ द्या." साहेब म्हणाले, "तुझी जाऊनही त्याची वाचणार नाही." हे मात्र खरं निघालं. त्याच संध्याकाळी शंकरच्या निलंबनाचं पत्र मीच टाइप केलं.

रंगनाथच्या बायकोकडेही भाऊ गेले. ती उंबऱ्यात बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिनं आणि म्हणाली, "फुलं घालणारा मानूस मारील कशाला? गाडी कोन चालवत होतं तेवढं सांगा." भाऊंना तिथून उठता येईना, बसता येईना. सोबत गेलेल्या शेजाऱ्यांनी हाताला धरून आणलं.

पोलिसांनी बसमधल्या काही जणांचे जबाब घेतले. माझाही. मी सांगितलं, मी खिडकीबाहेर बघत होते, मला काही दिसलं नाही. इतकं सोपं असतं ते. सही करायलासुद्धा वेळ लागत नाही.

पुण्याच्या कोर्टात केस उभी राहिली तेव्हा मी रजा टाकून गेले आणि मागच्या बाकावर बसले. कशाला गेले, माझं मला कळत नव्हतं. बोलणार तर नव्हतेच. शंकरच्या वकिलानं गेणूभाऊंना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. भाऊंनी नवं धोतर नेसलं होतं, खाकीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. हाराचं सगळं त्यांनी नीट सांगितलं. सुतळी कशी बांधली, फुलं किती जड होती, दिवा कसा झाकला गेला असेल. न्यायाधीश लक्ष देऊन लिहून घेत होते. शंकरच्या म्हाताऱ्या आईनं माझ्याकडे बघून हात जोडले, म्हणजे आता सुटतो बहुतेक. मलाही तसंच वाटलं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलंसुद्धा, आता सोडव, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही.

मग सरकारी वकील उठले. त्यांचा आवाजही चढला नाही.

"आरोपीला गाडी तुम्हीच शिकवलीत?"

"व्हय साहेब."

"सिग्नलचा दिवा दिसत नसेल तर काय करायचं, हे शिकवलं होतंत?"

मला गेणूभाऊंची मान ओळखीची होती. ती आता सरळ राहिली होती आणि समोर पिंजऱ्यात शंकर उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "शिकीवलं हुतं."

"काय?"

"थांबायचं."

"थांबून?"

"खाली उतरून बघायचं."

शंकरनं मान हलवली. रोज सकाळी इंजिनाच्या झाकणावर बसून हलवायचा तशीच. जणू भाऊंनी विचारलं आणि त्यानं बरोबर उत्तर दिलं.

त्याला शिक्षा झाली, लायसन्स गेलं. बाहेर व्हरांड्यात गेणूभाऊ माझा हात धरून उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं. "बाई," म्हणाले, "एक शबुद खोटा बोलाया आला न्हाई वो मला. एकच शबुद लागत हुता." मला तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

त्यानंतर ते गाडीवर चढले नाहीत. कंपनीनं स्टोअरमध्ये टायर मोजायला बसवलं, थोड्याच दिवसांत निवृत्त झाले. फाट्यावरची पूजा थांबेल असं मला वाटलं होतं, पण ती कुठली थांबते! नव्या कंपन्या आल्या, नव्या बसगाड्या आल्या. हार एकाचे पाच झाले. सुरू कुणी केलं हे आता कुणाला ठाऊकही नव्हतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते अशाच एका खंडेनवमीला. नवा ड्रायव्हर होता, बाक माझं तेच. फाट्यावर आमच्या पुढ्यात दिवा लाल झाला आणि खांबाशी एक म्हातारा दिसला. हातात शेवग्याच्या शेंगा काढायची लांब आकडी. त्या आकडीनं तो सिग्नलवरचे हार एकेक करून वर उचलून बाजूला काढत होता आणि खाली घेऊन खांबाच्या पायाशी नीट रचून ठेवत होता. एकही फूल टाकत नव्हता. बसमधली पोरं हसली. एक जण म्हणाला, "म्हातारं दरसाल येतंय राव. येडंय." मी खिडकीतून ओरडले, "गेणूभाऊ!"

त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं, मग जवळ आले. "बाई व्हय? आजून त्याच बाकावर?"

"शंकर कसा आहे हो?"

"सुटून आला की. भावाच्या ईटभट्टीवर हाय, ट्रकात इटा भरतो." आकडी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "चालवत न्हाई. सायकलबी हातात धरून चालतो."

मला राहवलं नाही. भर बसमध्ये, सगळ्यांच्या देखत बोलले. "भाऊ, त्या दिवशी तो उतरणार होता. मीच म्हटलं त्याला, घे म्हणून."

"ठावं हाय," भाऊ म्हणाले. "त्येनं तवाच सांगितलं मला. वकीलबी म्हनत हुता, बाईचं नाव सांग, शिक्षा तेवढीच कमी हुईल. न्हाई म्हनला. म्हनला, भाऊंनी शिकीवलंय, मागनं कुनीबी वरडू दे, ष्टेरिंग माज्या हातात हुतं."

त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तो असता तर फार बरं झालं असतं. मी खिडकीचा गज धरला. "मग भाऊ, माझं काहीच नव्हतं का चुकलं?"

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दिवा हिरवा झाला. त्यांची नजर सवयीनं वर गेली, तोंड मिटलं, मान सरळ झाली. आमच्या ड्रायव्हरकडे बघून त्यांनी आकडीनं रस्ता मोकळा असल्याची खूण केली आणि दोन पावलं मागे सरले.

बस निघाली. त्यांचं उत्तर नेहमी पुढच्या लाल दिव्यावर मिळायचं. तिथून कंपनीच्या गेटपर्यंत दुसरा सिग्नल नव्हता.